कोडाला संध्याकाळची वेळ द्या

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



मानखुर्दहून आलेलं पत्र म्हटलं की त्यात देवनारचा कचरा, तुंबलेलं गटार नाहीतर नळाला न येणारं पाणी असणार, हे आपल्या कार्यालयातला कोणीही पाकीट न फोडता सांगेल. त्या तक्रारी खऱ्याच आहेत आणि त्या करणारी माणसंही भरपूर आहेत. मी ज्याबद्दल लिहितोय त्यासाठी मात्र आपल्या दारात कधी मोर्चा येणार नाही. ज्यांना तो त्रास आहे ती माणसं मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतात आणि फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत सरकतात. हे पत्र कोडाबद्दल आहे.

मानखुर्दला माझं औषधांचं दुकान आहे. मला स्वतःला कोड आहे, दोन्ही हातांच्या बोटांवर आणि ओठांवर. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देताना समोरच्याची नजर आधी माझ्या बोटांवर जाते, मग तोंडाकडे. काहीजण पैसे हातात देत नाहीत, काउंटरवर ठेवतात. मी ते फारसं मनावर घेत नाही. दुकानदाराला दिवसभरात याहून पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं. पण याच बोटांमुळे दुसरीही माणसं येतात. दुकानात गर्दी असली तर ती बाहेर उगाच घोटाळत राहतात, गर्दी ओसरली की आत येऊन हळूच विचारतात, "तुम्ही काय लावता?" त्यांच्या चिठ्ठ्या मी बघतो, त्यांच्याशी बोलतो, आणि त्यातून मला एक गोष्ट कळते जी ओपीडीतल्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. उपचार नेमका कोणत्या महिन्यात बंद पडला, ती गोष्ट. डॉक्टरांना वाटत असेल, पेशंट बरा झाला किंवा दुसरीकडे गेला. मला दिसतं की तो इथेच आहे, फक्त ट्यूब न्यायला येईनासा झालाय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या आजारावर उपचार आहे, बऱ्यापैकी गुण येणारा आहे, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तो खाजगीच्या मानाने स्वस्तही पडतो. तरी मानखुर्दचा माणूस तो पुरा करत नाही, कारण त्यासाठी वर्षभर काढावी लागणारी सवड त्याच्याकडे नाही.

आजाराची ओळख आपल्याला करून द्यायची गरज नसावी, पण हे पत्र दुसरेही वाचतील म्हणून दोन ओळी. कोडात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटतात. स्पर्शाने, ताटात जेवल्याने, एका साबणाने तो कोणाला लागत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने होत नाही. कुष्ठरोगाशी त्याचं काही नातं नाही. कुष्ठाच्या चट्ट्यात बधिरपणा येतो, कोडाच्या डागाला टाचणी लावली तर इतर कातडीइतकीच टोचते. घराण्यात चालतो म्हणतात, ते काही अंशी खरं, पण लग्न जुळवणारी माणसं सांगतात तितकं नव्हे. हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला कोड असलं तर दुसऱ्याला ते असण्याचं प्रमाण तेवीस टक्क्यांच्या आसपास सापडलंय. म्हणजे जनुकं तीच असूनही चारातल्या तिघांना ते होत नाही. जगात अर्धा ते दोन टक्के लोकांना कोड असतं असं मानतात. २०११ च्या जनगणनेत मानखुर्द ज्यात येतं त्या एम पूर्व विभागाची लोकसंख्या आठ लाखांवर होती. सगळ्यात कमी, अर्ध्या टक्क्याचा हिशोब धरला तरी एकट्या या विभागात चार हजार माणसं होतात.

आता उपचाराकडे येतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी गोम इथे आहे.

कोड अंगभर थोडंथोडं पसरलेलं असलं की डॉक्टर मलमाबरोबर फोटोथेरपी सांगतात. आमच्याकडे तिला नुसतं 'लाइट' म्हणतात. उभ्या कपाटासारखं यंत्र असतं, आत चारी बाजूंनी नळ्या, डोळ्यांना काळा चष्मा लावून आत उभं राहायचं. त्या नळ्यांतून ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण येतात. कोडासाठी या किरणांचा वापर ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडला, आणि आज जगभर तोच रिवाज आहे. लहान मुलांना चालतो, गरोदर बाईलाही चालतो, पोटात काही घ्यावं लागत नाही. पहिल्या दिवशी जेमतेम काही सेकंद, मग हळूहळू वाढवत काही मिनिटं. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा.

आणि हे किती दिवस? २०१७ साली कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. तीन महिन्यांनी ज्यांचा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त रंग परत आला असे रुग्ण शंभरात १३ होते. सहा महिन्यांनी १९. आणि वर्षभर नेटाने लाइट घेणाऱ्यांत ३६. हे तीन आकडे मी दुकानात एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. तिसऱ्या महिन्यात "काही फरक नाही हो" म्हणत जो येतो त्याला मी ते दाखवतो. त्याला फरक दिसत नाही याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं की फरक दिसायची वेळ अजून आलेली नसते. म्हणूनच जाणकार डॉक्टर सहा महिने पुरे होण्याआधी लाइट निरुपयोगी ठरवत नाहीत.

माझ्या ओळखीतली, लल्लूभाई कंपाउंडमधली एक मुलगी बारावीला होती. डावीकडे डोळ्याखाली आणि मानेवर डाग. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ती दुकानात आली आणि मोबाइलचा टॉर्च गालावर धरून म्हणाली, "काका, हे बघा काय झालंय, नवीन काही आलं का?" डागाच्या आत मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले होते, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक बारीक लव. ती घाबरली होती आणि मला आनंद झाला होता. कातडीतले रंगाचे कारखाने मेले तरी केसाच्या मुळाशी थोडी शिल्लक असते. लाइटने ती जागी होते आणि तिथून रंग बाहेर पसरतो. डाग बरा व्हायला लागला की आधी असाच दिसतो, ठिपक्याठिपक्यांनी. पुढे हे ठिपके एकमेकांना मिळतात आणि डाग भरतो. हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा जवळ आली, आईची घरकामं सुटेनात, बरोबर कोण जाणार म्हणून लाइट बंद झाला. ठिपके मिळायचे राहिले.

मानखुर्दहून शीवला, लोकमान्य टिळक रुग्णालयात जायचं तर हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून-उतरून मेनची गाडी, मग शीवला उतरून चालत. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण मोठ्या रुग्णालयांची ओपीडी सकाळची. सकाळी हार्बरच्या गाडीत शिरणं, केसपेपर, रांग, आपला नंबर, मग ते दोन मिनिटांचं उभं राहणं, आणि परत. अर्धा दिवस गेला. आठवड्यात असे दोन-तीन अर्धे दिवस, वर्षभर. आमच्याकडे कोण राहतं ते आपल्याला माहीत आहे. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता. मंडाळ्याच्या भंगार बाजारात काम करणारे, नाक्यावर उभे राहणारे, चेंबूर आणि वाशीला धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाया, घरात बसून जरी भरणारी पोरं. यातल्या कोणालाच पगारी रजा नसते. बाईने आठवड्यात दोन खाडे केले की मालकीण महिन्याभरात दुसरी बाई बघते. शिवाय "रोज रुग्णालयात कशाला जातेस" या प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं नसतं.

म्हणून उपचार बंद पडतो, आणि मग त्या रिकाम्या जागेत कोण शिरतं तेही सांगतो.

स्टेशनच्या भिंतींवर, पुलाच्या खांबांवर, सार्वजनिक मुतारीच्या दारावर 'सफेद दाग जड से खत्म' असे कागद चिकटवलेले असतात. अमुक दिवसांत गुण, नाहीतर पैसे परत. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ज्या आजारांवर इलाज करून देण्याची जाहिरातच करू देत नाही, त्या यादीत कोड नाव घेऊन घातलेलं आहे. म्हणजे ते कागद खरे की खोटे हा प्रश्नच येत नाही. लावणंच गुन्हा आहे. कायद्याची अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे हे मला माहीत आहे. पण भिंती आणि खांब बऱ्याच ठिकाणी आपले आहेत, आणि सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा कायदा आपल्या हातात आहे. राजकीय फलक काढणारी आपली गाडी येते तेव्हा हे कागद तसेच राहतात, कारण ते लहान असतात आणि त्यांच्यावर कोणाचा फोटो नसतो.

त्या कागदांवरून माणूस तेलाची बाटली घेऊन येतो. अशा तेलांत पुष्कळदा बावची असते. बावची थोतांड नव्हे, आयुर्वेदात ती जुनीच आहे आणि तिच्यातलं सोरालेन आधुनिक डॉक्टरही वापरत आलेत. पण ते लावून किती वेळ आणि कोणत्या उन्हात बसायचं याचं माप असतं. एका बाईने दुपारी गच्चीवर पाय उन्हात ठेवून ते लावलं होतं. ती आली तेव्हा नडगीवर लिंबाएवढे दोन फोड होते, पाण्याने भरलेले. अशी भाजलेली जागा कोड असलेल्याला दुप्पट महाग पडते, कारण जिथे जखम होते, घासतं, भाजतं तिथे नवा डाग उठण्याची खोड या आजाराला आहे. इलाज करायला गेली आणि डाग वाढवून आली.

दुसरे आम्ही, म्हणजे औषधवाले. अंगावर लावायची स्टेरॉइडची मलमं मार्च २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. आमच्यातले किती जण ते पाळतात हे मी इथे लिहिलं तर आमच्या धंद्यातल्या मंडळींत मला बसू देणार नाहीत, तेव्हा आपण एखाद्या संध्याकाळी साध्या कपड्यांत येऊन बघावं. कोडाला स्टेरॉइड लागतं, पण ठराविक जागी, ठराविक आठवडे, मध्ये सुट्टी देत. तेच मलम चेहऱ्यावर वर्षभर थापलं की कातडी पातळ होते, आतल्या लाल शिरा दिसायला लागतात. हे असे चेहरे मी रोज बघतो. ते आजाराने झालेले नाहीत.

आपल्या कार्यालयात या मागणीवर काय म्हणतील त्याचा मला अंदाज आहे. कोडाने कोणी मरत नाही. एम पूर्वमध्ये टीबी आहे, कुपोषण आहे, डम्पिंगचा धूर आहे. पैसा आधी तिकडे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. टीबीची औषधं माझ्या काउंटरवरूनही गेलीत आणि त्या घरांचं काय होतं ते मी पाहिलंय. पण टीबीकडूनच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. टीबीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं, मध्येच सोडलं तर आजार उलटतो, हे सरकारला कळलं तेव्हा औषध रुग्णाच्या घराजवळ आणलं गेलं. कुष्ठरोगाचं तसंच, त्याच्या गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर फुकट मिळतात, आणि कर्मचारी घरी येऊन चौकशी करतात. लांबलचक उपचार घराजवळ असला तरच पुरा होतो, हे महापालिकेला शिकवायची गरज नाही, तिने ते करून दाखवलंय. कोडाच्या बाबतीत तेवढंच लागू करायचं आहे. तेही पूर्ण नव्हे, कारण यात कोणाच्या मागे धावावं लागणार नाही. दार उघडं ठेवलं तर माणसं आपणहून येतील.

खर्चाचं बोलायचं तर २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. पूर्ण अंगाचं लाइटचं यंत्र काही लाखांत येतं. फक्त हातापायांचं त्याहून स्वस्त. आणि ते एकट्या कोडाचं नाही. सोरायसिसला तेच यंत्र लागतं, काही प्रकारच्या इसबाला लागतं, डायलिसिसवरच्या रुग्णांच्या अंगाला जी असह्य खाज सुटते तिलाही ते उपयोगी पडतं.

यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे ती वेळ. गोवंडीचं पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय आम्हाला हाताशी आहे. २०२२ पासून सुरू झालेले 'आपला दवाखाना' वस्तीत आहेत आणि ते संध्याकाळीही उघडे असतात, ही फार चांगली गोष्ट महापालिकेने केली. लाइट अशा ठिकाणी संध्याकाळी सहा ते नऊ मिळू द्या. कामावरून सुटलेला माणूस घरी जाता जाता दोन मिनिटं उभा राहील. डोस ठरवायला आणि कातडी तपासायला त्वचारोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा आला तरी चालेल. रोजचं यंत्र शिकवलेली नर्स किंवा तंत्रज्ञ चालवू शकतो, मोठ्या रुग्णालयांतही रोज बटण दाबायला प्रोफेसर येत नाहीत. एक वही लागेल, ज्यात मागच्या वेळी किती सेकंद दिले आणि त्यानंतर लाली किती वेळ टिकली ते लिहिलेलं असेल.

आणखी एक सुचवतो, पटलं तर बघा. हातात धरायचा लहान लाइट मिळतो. थोडेच डाग असलेल्यांना तो पुरतो. ब्रिटनमध्ये पाचशेहून जास्त रुग्णांना तो घरी वापरायला देऊन मलमाबरोबर त्याची चाचणी घेतली गेली. नऊ महिन्यांनी नुसतं मलम लावणाऱ्यांत १७ टक्के लोकांचे डाग समाधान वाटेल इतके झाकले गेले, मलम आणि लाइट दोन्ही करणाऱ्यांत २७ टक्के. आकडा मोठा नाही, मी फुगवून सांगणार नाही. पण वाचनालयातून पुस्तक नेतात तसा हा लाइट अनामत घेऊन काही महिने घरी नेता आला तर ज्या बाईला घराबाहेर पडणंच अवघड आहे तिची सोय होईल. आधी वापरायला शिकवा, चष्मा बरोबर द्या, आणि दर महिन्याला हजेरी लावायला सांगा.

औषधांच्या यादीबद्दलही लिहायला हवं. डाग भरला म्हणजे काम झालं असं सगळ्यांना वाटतं, आणि इथेच दुसरा घात होतो. उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे चाळीस टक्के लोकांचा रंग पुन्हा जायला लागतो. फ्रान्समध्ये २०१५ साली एक साधा प्रयोग झाला. भरलेल्या जागेवर टॅक्रोलिमस ०.१ टक्के हे मलम आठवड्यातून फक्त दोनदा लावत राहिलं, तेव्हा ज्यांनी ते नियमाने लावलं त्यांच्यात डाग परत येण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं. आठवड्यातून दोनदा, बस. स्टेरॉइड नसल्यामुळे चेहऱ्याला, पापण्यांना चालतं. पण दहा ग्रॅमची ट्यूब काही शे रुपयांना पडते, आणि डाग नसलेल्या जागेवर एवढ्या महागाचं मलम लावायचं हे घरात कोणाला पटत नाही. "आता कुठे आहे काय?" असं नवरा विचारतो. हे मलम महापालिकेच्या दवाखान्यांतून मोफत देण्याच्या यादीत घातलंत, तर भरलेले डाग भरलेले राहतील. लाइटवर केलेला सगळा खर्च यावर टिकून आहे. जोडीला थायरॉइडची तपासणी असावी, कारण कोड असलेल्यांत थायरॉइडचा विकार इतरांपेक्षा जास्त सापडतो आणि थकवा, वजन यांची कारणं लोक भलतीकडेच शोधत बसतात.

नवीन औषधाचीही विचारणा दुकानात होते, मोबाइलवर बघून येतात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेने रुक्सोलिटिनिबचं मलम बारा वर्षांवरच्या रुग्णांना मंजूर केलं. औषध चांगलं आहे. सहा महिन्यांनी तिघांतल्या एकाच्या चेहऱ्याचा तीन चतुर्थांश रंग परत आला, वर्षाने साधारण निम्म्यांचा. म्हणजे जगातल्या नव्यातल्या नव्या आणि महागातल्या महाग मलमालाही वर्षच लागतं. मानखुर्दला त्या मलमाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही; संध्याकाळच्या वेळेची वाट मात्र बघतोय.

सगळं बरं होतं असं कोणी समजू नये. मी वर ज्या कोरियन हिशोबाचा उल्लेख केला त्यात शरीराच्या भागांचेही आकडे आहेत. चेहरा आणि मानेचे डाग निम्म्याजवळ रुग्णांत बऱ्यापैकी भरले. हातापायाच्या पंजांवर ज्यांचा तीन चतुर्थांश रंग परत आला असा रुग्ण एकही नव्हता. बोटांच्या टोकांना, ओठांना केस नसतात, म्हणून शिल्लकही नसते. ज्यांचे डाग निदान वर्षभर जागच्या जागी थांबलेत त्यांच्यावर कातडीच्या पेशी लावण्याची शस्त्रक्रिया करता येते. माझे थांबत नाहीत. गालावरचा डाग लाइटने भरला, बोटं तशीच आहेत आणि तशीच राहतील. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कोणी सरळ सांगितली असती तर बोटांवरच्या मलमांचे पैसे वाचले असते. म्हणून ज्या दवाखान्यात लाइट ठेवाल तिथे समजावणारं माणूसही ठेवा. काय भरेल, काय नाही, किती महिन्यांनी, हे पहिल्या भेटीत सांगणारं. ते सांगितलेलं असलं की माणूस तिसऱ्या महिन्यात निराश होऊन सोडत नाही.

असं समजावण्याचं काम महाराष्ट्रात झालेलं नाही असं नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे स्वतः सर्जन आणि स्वतःला कोड असलेल्या. त्यांनी श्वेता असोसिएशन हा स्वमदत गट उभा केला, कोड असलेल्यांचे वधू-वर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६ च्या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. पण हे सगळं मध्यमवर्गाच्या घरापर्यंत गेलं. शिवाजी नगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प इथे ते हिंदीत, उर्दूत, साध्या बोलीत कोणी आणलं नाही. महापालिकेच्या शाळांना एक परिपत्रक गेलं, की अशा मुलाला वेगळ्या बाकावर बसवू नका आणि पालकांना अमुक दवाखान्यात पाठवा, तरी पुष्कळ काम होईल. २५ जूनला जागतिक कोड दिन असतो. मायकल जॅक्सनला कोड होतं, त्याच्या स्मृतिदिनी तो पाळतात. त्या दिवशी फलक लावून मोकळे होऊ नका, एवढीच विनंती.

आणखी एक बाब आपल्या विभागाची खास आहे. काही डाग आजाराने येत नाहीत, रसायनाने येतात. चिकट टिकलीच्या गोंदात, रबरी चपलेच्या पट्ट्यात, काही केसांच्या रंगांत अशी द्रव्यं असतात जी रंगाच्या पेशी मारतात. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग, पायावर चपलेच्या पट्ट्याचा इंग्रजी व्ही, हे बघितलं की मी आधी वस्तू बदलायला सांगतो. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे हात पांढरे पडले, तेव्हा दोष निघाला त्यांच्याच रबरी हातमोज्यांचा. मंडाळ्यात रसायनांचे रिकामे पिंप, गोंदाचे डबे, रबर असं सगळं उघड्या हातांनी हाताळलं जातं. आपल्या आरोग्य खात्याने तिथल्या कामगारांचे हात एकदा तपासावेत. यात खर्च जवळजवळ शून्य आहे आणि इथे आजार होण्याआधीच थांबवता येतो.

माझ्या मागण्या फार नाहीत, पण त्यातली कोणती आधी असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. भिंतीवरचे कागद काढायला एक आठवडा पुरे. मलम यादीत घालायला एक बैठक. हातात धरायचा लाइट पुढे कधी दिलात तरी चालेल. पण फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडाल त्यात एम पूर्वसाठी लाइटचं एक यंत्र आणि ते चालवणारं संध्याकाळच्या पाळीचं एक माणूस, एवढी तरतूद करा. सकाळी दहा ते बारा चालणारं यंत्र आणणार असाल तर आणू नका. तसं शीवला आहेच. ते यंत्र आलं की माझ्या दुकानात लिहिलेला पुठ्ठा मी तिथे आणून लावीन, आणि तिसऱ्या महिन्यात सोडून जाणाऱ्यांना परत पाठवायची जबाबदारी माझी.

आपला,
मानखुर्दचा एक औषधविक्रेता